ज्वारीची उंची, मक्याची उंची : पिकांच्या ऑन्टॉलॉजी एकमेकींना जोडताना

ज्वारीच्या ताटाची उंची मोजायची म्हणजे पट्टी जमिनीला टेकवायची, कणसाच्या शेंड्यापर्यंतचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. बहुतेक पैदासकार असंच करतात. उंची ठरवणाऱ्या जनुकांवर काम करणारा माणूस मात्र पुष्कळदा कणसाखालच्या शेवटच्या पानाशीच थांबतो. त्याला कणीस नको असतं, कणसाचा दांडाही नको असतो. फक्त पेरांनी किती उंची दिली तेवढंच हवं असतं. मक्यात कोणी तुऱ्याच्या टोकापर्यंत मोजतं, कोणी तुऱ्याखालच्या पानापर्यंत. आणि या सगळ्या वह्यांत रकान्याचं नाव एकच असतं: उंची, सेंटिमीटर.

वही लिहिणाऱ्याच्या डोक्यात काही गोंधळ नसतो. अडचण येते ती अशा शेकडो वह्या एकत्र करून यंत्राला प्रश्न विचारायची वेळ आली की. पिकांच्या गुणधर्मांची माहिती ठेवणाऱ्या वेगवेगळ्या ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पनांच्या नेमक्या याद्या, सिमँटिक वेबच्या, म्हणजे माहितीचा अर्थ यंत्रालाही कळेल अशा रीतीने ती वेबवर मांडण्याच्या, साधनांनी एकमेकींना कशा जोडल्या गेल्या, त्यात काय सुटलं आणि काय अडलं, हे या एका गुणधर्माच्या आधाराने मांडतो. उंची निवडली, कारण ती सगळ्यांत सोपी वाटते.

प्रश्न कुठून आला

२००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मक्याचा बीआर-२ नावाचा बुटका प्रकार आणि ज्वारीचा डीडब्ल्यू-३ नावाचा बुटका प्रकार, हे दोन्ही एकाच मूळ जनुकात बिघाड झाल्याने बुटके आहेत, असं त्यात दाखवलं होतं. हे जनुक ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक पेशींमधून पुढे नेणारं प्रथिन तयार करतं. ते बिघडलं की खालची पेरं आखूड राहतात. कणीस साधारण तेवढंच, पानंही तेवढीच, पण ताट बुटकं. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, बाजरीच्या डी-२ या बुटकेपणामागे याच घराण्यातलं एबीसीबी-१ हे जनुक सगळ्यांत प्रबळ उमेदवार म्हणून पुढे आलं.

ज्वारीत या बिघाडाचं स्वरूप फार लक्षात राहण्यासारखं आहे. जनुकाचा डीएनएच्या ८८२ अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ दोनदा आला आहे. पुढच्या पिढ्यांत कधी कधी त्यातली एक प्रत गळून पडते, जनुक पुन्हा चालू होतं आणि बुटक्या वाणाच्या ओळीत मध्येच एखादं उंच ताट डोकं वर काढतं. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये अशी ताटं भेसळ म्हणून उपटली जातात. परागाची भेसळ नसतानाही ती का येतात, त्याचं एक कारण हे आहे.

आपल्याकडे उंची हा कागदावरचा गुणधर्म कधीच नव्हता. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, त्यानंतरच्या बुटक्या संकरित वाणांनी दाणा भरपूर दिला, पण कडबा आखूड दिला. रब्बीत मात्र मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ अजून पाय रोवून उभी आहे, ती भाकरीसाठी आणि तितकीच कडब्यासाठी. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला ताटाची उंची म्हणजे वर्षाची वैरण. म्हणून उंचीच्या जनुकांची माहिती तीन पिकांत एकत्र बघता येणं मला नुसतं संशोधकांच्या सोयीचं वाटत नाही.

प्रश्न साधा आहे: ज्वारीच्या डीडब्ल्यू-३ ची भावंडं, म्हणजे त्याच मूळ जनुकातून आलेली जनुकं, इतर पिकांत कोणती, आणि त्या पिकांत उंचीच्या कोणत्या नोंदी त्या जागेशी जोडलेल्या सापडतात? निबंध वाचून माणूस याचं उत्तर दोन-चार दिवसांत जमवेल. पण ज्वारीच्या नोंदी एका कोठारात, मक्याच्या दुसऱ्या आणि बाजरीच्या तिसऱ्या कोठारात आहेत. प्रत्येक कोठाराचा ‘उंची’ हा शब्द आपापला आहे.

दोन घराणी

या कामात दोन प्रकारच्या ऑन्टॉलॉजी समोरासमोर आल्या. ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पनांची अशी यादी, जिच्यात प्रत्येक संकल्पनेला कायमचा पत्ता असतो, नेमकी व्याख्या असते आणि इतर संकल्पनांशी नातं सांगितलेलं असतं: हा त्याचा प्रकार, हा त्याचा भाग. शब्दकोशात शब्द मुख्य असतो. इथे पत्ता मुख्य; शब्द त्या पत्त्यावर लावलेली पाटी.

पहिलं घराणं क्रॉप ऑन्टॉलॉजीचं. २००८ मध्ये सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थांच्या गटाच्या जनरेशन चॅलेंज प्रोग्रॅममध्ये ती सुरू झाली. तिची रचना पीकवार आहे: सीओ_३२० भात, सीओ_३२१ गहू, सीओ_३२२ मका, सीओ_३२४ ज्वारी, सीओ_३२७ बाजरी, सीओ_३३८ हरभरा, सीओ_३४१ तूर. प्रत्येक पिकाची यादी त्या पिकावर काम करणाऱ्यांनीच केली. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग यांच्यामागे हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथली इक्रिसॅट ही संस्था आहे. पैदासकारांना ओडब्ल्यूएल किंवा आरडीएफ या यंत्राला कळेल अशा मांडणीच्या भाषा शिकायला बसवलं नाही. एक्सेलचा साचा दिला आणि त्यात भरून घेतलं. हा निर्णय मला पूर्ण पटतो. ज्याला शेत ठाऊक आहे त्याच्याकडून शेताची माहिती घ्यायची आणि तांत्रिक रूपांतर दुसऱ्याने करायचं.

क्रॉप ऑन्टॉलॉजीत प्रत्येक मोजमापाचे तीन भाग असतात. गुणधर्म: काय मोजलं. पद्धत: कसं मोजलं. मापनश्रेणी: कशात मोजलं. तिन्ही मिळून एक ‘चल’ (व्हेरिएबल) बनतो, आणि वहीतला रकाना या चलाला जोडायचा. म्हणजे ‘ताटाची उंची, पक्वतेच्या वेळी जमिनीपासून कणसाच्या टोकापर्यंत, सेंटिमीटर’ हा एक चल आणि ‘ताटाची उंची, दुसऱ्या पद्धतीने, मीटर’ हा दुसरा.

दुसरं घराणं वनस्पतिशास्त्राच्या अंगाने आलेलं. प्लँट ऑन्टॉलॉजीत वनस्पतींचे अवयव आणि वाढीच्या अवस्था आहेत. अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेत अभ्यासासाठी वापरतात ती लहान वनस्पती), भात आणि मका यांच्या डेटाबेसच्या वेगवेगळ्या शब्दसूची एकत्र करून तिची सुरुवात झाली. ट्रेट ऑन्टॉलॉजीत सर्व वनस्पतींना लागू होतील असे गुणधर्म आहेत. तिचं मूळ ग्रामीन या डेटाबेसच्या भातावरच्या कामात आहे. पॅटो नावाच्या तिसऱ्या ऑन्टॉलॉजीत नुसते गुण आहेत: उंची, रंग, वजन, आकार. कशाची उंची, कशाचा रंग, याच्याशी पॅटोला देणंघेणं नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत केंद्र असलेल्या प्लँटिओम प्रकल्पाने या संदर्भ-ऑन्टॉलॉजी एका छताखाली आणल्या, आणि क्रॉप ऑन्टॉलॉजीचे पीकवार गुणधर्म त्यांना जोडायचं काम दोन्ही बाजूंनी मिळून हाती घेतलं.

इथे एक मोह होता. सगळ्यांना मोडून एकच मोठी ऑन्टॉलॉजी करावी, तिच्यात ‘उंची’ एकदाच यावी आणि प्रश्न मिटावा. तसं केलं नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ज्वारीच्या माणसाचा शब्द ज्वारीच्या माणसाकडे राहिला, मक्याचा मक्याकडे. बांधायचा होता तो मधला पूल. पण पूल कुठल्या दगडावर टेकवायचा हे ठरवण्यातच खरी मेहनत गेली.

नावावरून जुळवायला गेलं की

दोन याद्या समोर ठेवल्या की पहिली कल्पना सुचते ती नावं जुळवायची. त्यासाठी तयार साधनं आहेत. अ‍ॅग्रीमेंटमेकरलाइट हे त्यातलं एक. ते नावं, पर्यायी नावं आणि रचना पाहून जोड्या सुचवतं. क्रॉप ऑन्टॉलॉजी आणि ट्रेट ऑन्टॉलॉजी यांच्यात ते वापरून पाहिलं गेलं. सुरुवातीला ढीग कमी करायला असं साधन फार उपयोगी पडतं. पण ते सांगतं ते ‘दिसायला सारखं’ एवढंच.

दिसायला सारखं म्हणजे काय होतं ते मराठीतूनच बघू. आपण ज्वारीचं कणीस म्हणतो, बाजरीचं कणीस म्हणतो, मक्याचंही कणीसच म्हणतो. शब्द एक, पण वनस्पतिशास्त्रात मक्याचं कणीस वेगळं पडतं. ज्वारीच्या कणसात बिनदेठाच्या कणिशकात पुंकेसरही असतात आणि अंडाशयही. मक्याच्या कणसावर नुसती मादी फुलं. नर फुलं वर तुऱ्यात. प्लँट ऑन्टॉलॉजीत दोन्ही ‘फुलोरा’ या संकल्पनेखाली येतात, तिचा पत्ता पीओ:०००९०४९. पण त्या तिच्याखाली वेगवेगळ्या फांद्यांवर आहेत. नावावरून त्या ‘एकच’ असं लिहून टाकलं, तर ज्वारीबद्दलचं प्रत्येक विधान मक्याच्या कणसाला लागू होतं आणि मक्याचं ज्वारीला.

दाण्याचंही तसंच. ज्वारी, गहू, मका यांचा दाणा हे शास्त्राच्या भाषेत फळ आहे. फळाची साल बीजाच्या आवरणाला घट्ट चिकटलेली असते. तुरीचा दाणा हे बीज. वहीत दोन्हीकडे ‘शंभर दाण्यांचं वजन’ असंच लिहिलेलं असतं. ज्वारीच्या दाण्याला ‘बीज’ या पत्त्यावर बसवलं तर व्याख्या चुकते. ‘फळ’ या पत्त्यावर बसवून सोडून दिलं, तर कोणी बीजाच्या वजनाचा शोध घेतला की ज्वारी त्यातून गायब होते. मार्ग दोन्हींच्या मधला आहे: ज्वारीचा दाणा हा फळाचा प्रकार आणि बीज हा त्याचा भाग, अशी दोन वेगळी विधानं करायची. ‘प्रकार’ आणि ‘भाग’ या दोन नात्यांत गल्लत झाली की पुढचं सगळं घसरत जातं, हे इतक्या वेळा दिसतं की मी कोणतीही नवी ऑन्टॉलॉजी उघडली की आधी तेच तपासतो.

संज्ञा फोडून पाहणं

दुसरी वाट निघाली ती नावाच्या आत शिरण्याची. ‘ताटाची उंची’ ही संज्ञा दोन तुकड्यांत फोडायची: कशाची आणि काय. कशाची, तर संपूर्ण वनस्पतीची, म्हणजे प्लँट ऑन्टॉलॉजीतली पीओ:००००००३. काय, तर उंची, म्हणजे पॅटो:००००११९. या दोन तुकड्यांना ‘या गोष्टीच्या अंगी असलेला गुण’ या नात्याने जोडलं की ट्रेट ऑन्टॉलॉजीतल्या ‘वनस्पतीची उंची’ या संज्ञेचा, टीओ:००००२०७ चा, अर्थ यंत्राला कळेल अशा भाषेत लिहिता येतो. ज्वारीच्या यादीतली उंची अशीच फोडायची, मक्याचीही. दोन्हींचे तुकडे एकाच पत्त्यांवर पोचले की नातं कोणाला हाताने लिहावं लागत नाही, ते आपोआप निष्पन्न होतं.

कागदावर हे फार नीट दिसतं. फोडायला बसलं की मात्र प्रत्येक संज्ञा माणसाला प्रश्न विचारते. ‘संपूर्ण वनस्पती’ म्हटल्यावर मुळं आली. उंची मोजताना मुळं कोण धरतं? मग जमिनीवरचा भाग घ्यायचा का? आणि शेवटच्या पानापर्यंतची उंची हा वेगळा गुणधर्म की त्याच गुणधर्माची वेगळी पद्धत?

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण क्रॉप ऑन्टॉलॉजीच्या तीन भागांच्या रचनेत दोन्ही उत्तरं बसतात. पद्धत मानली तर ‘ताटाची उंची’ या एका गुणधर्माखाली दोन चल येतील. सोयीचं आहे; शोध घेताना दोन्ही हाती लागतील. पण मग शोधणारा ते आकडे एका रकान्यात टाकून सरासरी काढेल, आणि यंत्र त्याला अडवणार नाही. आता डीडब्ल्यू-३ आठवा. त्याचा परिणाम खालच्या पेरांवर होतो. कणीस आणि त्याचा दांडा यांची लांबी दुसऱ्याच कारणांनी बदलते. म्हणजे शेवटच्या पानापर्यंतची उंची आणि कणसाच्या टोकापर्यंतची उंची यांच्यात जो फरक आहे तो पट्टी कशी धरली याचा नाही. मोजलेली वस्तूच वेगळी आहे: एकात नुसता पेरांचा भाग, दुसऱ्यात त्यावर दांडा आणि कणीस. माझं मत स्पष्ट आहे की हे दोन गुणधर्म मानायला हवेत, दोन पद्धती नव्हेत. फुलोऱ्यात मोजलं की पक्वतेला मोजलं, पाच ताटांची सरासरी घेतली की दहांची, ही पद्धत. कुठून कुठपर्यंत मोजलं याने वस्तू बदलत असेल तर गुणधर्म वेगळा. ही रेघ प्रत्येक पिकात पुन्हा ओढावी लागते, आणि ती ओढायला त्या पिकाचा माणूसच लागतो.

पूल कोणत्या नात्याचा

संज्ञा फोडून झाल्या, आता नातं लिहायचं. सिमँटिक वेबमध्ये ‘सारखं’ म्हणायचे बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. ओडब्ल्यूएलमध्ये दोन वर्ग ‘समतुल्य’ म्हटले की तर्काच्या दृष्टीने ते एकच झाले. एकाबद्दल जे खरं ते दुसऱ्याबद्दल खरं. २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या स्कॉसमध्ये, म्हणजे शब्दसूची मांडायच्या पद्धतीत, त्याहून सौम्य शब्द आहेत: तंतोतंत जुळणी, जवळची जुळणी, व्यापक जुळणी, संकुचित जुळणी. यातली तंतोतंत जुळणी साखळीने पुढे जाते. क तंतोतंत ख, ख तंतोतंत ग, तर क तंतोतंत ग. जवळची जुळणी मात्र मुद्दाम साखळीने पुढे जाऊ दिलेली नाही.

आता उंचीवर हे लावून पाहू. घाईत कोणी लिहिलं की ज्वारीची उंची आणि टीओ:००००२०७ यांची तंतोतंत जुळणी आहे. दुसऱ्याने मक्यासाठी तेच लिहिलं. दोघांचंही स्वतंत्रपणे वाचलं तर खटकत नाही. पण साखळीने निष्कर्ष असा निघतो की ज्वारीची उंची आणि मक्याची उंची तंतोतंत एकच, म्हणजे एकीच्या जागी दुसरी खुशाल वापरा. हे कोणीच म्हटलेलं नव्हतं, तरी ते साठ्यात आलं. तिसरं, चौथं, दहावं पीक जोडलं की तेही या ‘एकच’च्या खोलीत जमा होत जातं.

बरोबर नातं उतरंडीचं आहे. ज्वारीच्या ताटाची उंची ही वनस्पतीच्या उंचीचा एक प्रकार, मक्याची उंची हा दुसरा प्रकार. दोघी एका आईच्या लेकी. वर चढून शोधलं तर दोघी सापडतील, आणि आडवं जाऊन एकीला दुसरी म्हणता येणार नाही. पीकवार गुणधर्म संदर्भ-ऑन्टॉलॉजीतल्या व्यापक गुणधर्माखाली बसवण्याची रीत याच कारणाने योग्य ठरते. दिसायला हा फरक एका शब्दाचा, पण सगळी जोडणी त्याच्यावर उभी आहे.

यानंतर रीझनर चालवायचा. रीझनर म्हणजे लिहिलेल्या विधानांतून न लिहिलेली विधानं काढणारी आणि विसंगती दाखवणारी आज्ञावली. ओडब्ल्यूएल पूर्ण ताकदीने वापरलं तर मोठ्या ऑन्टॉलॉजीवर रीझनर तासन्‌तास अडकू शकतो. म्हणून जीवशास्त्राच्या क्षेत्रात बरेचदा ओडब्ल्यूएलच्या ईएल या आटोपशीर उपभाषेत राहतात आणि एल्क नावाचा वेगवान रीझनर वापरतात.

रीझनरबद्दल एक गैरसमज मात्र सगळीकडे भेटतो. लोकांना वाटतं, चूक असेल तर तो पकडेल. तो फक्त तीच चूक पकडतो जी अशक्य आहे असं आपण आधी सांगितलेलं असतं. नर फुलांचा फुलोरा आणि मादी फुलांचा फुलोरा हे परस्परविलग आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोन्ही असू शकत नाही, असं लिहिलेलं असेल, आणि कोणी मक्याचा तुरा दोन्हींखाली घातला, तर रीझनर तिथे लाल खूण करेल. ते विलगतेचं विधान लिहायचं राहिलं असेल तर तो काहीही बोलणार नाही. ओडब्ल्यूएलच्या जगात जे सांगितलेलं नाही ते खोटं मानत नाहीत. ते अजून ठरायचं आहे असं मानतात. त्यामुळे दोन ऑन्टॉलॉजी जोडून रीझनर शांत राहिला याचा अर्थ जोडणी बरोबर आहे असा घेऊ नये. आधी विलगतेची विधानं मोजावीत. ती नसतील तर त्या शांततेला किंमत नाही.

प्रश्नाकडे परत

आता सुरुवातीचा प्रश्न विचारता येतो. माहिती आरडीएफमध्ये, म्हणजे कर्ता, नातं आणि कर्म अशा तीन तुकड्यांच्या विधानांत असते. ‘हे जनुक — त्या जनुकाचं भावंड — ते जनुक.’ ‘हे जनुक — या गुणधर्माशी संबंधित — ज्वारीच्या ताटाची उंची.’ ‘ज्वारीच्या ताटाची उंची — प्रकार — वनस्पतीची उंची.’ स्पार्कल ही अशा विधानांवर प्रश्न विचारायची भाषा. तिच्यात प्रश्न असा बांधायचा: डीडब्ल्यू-३ पासून निघ, भावंडांच्या नात्याने बाहेर जा, प्रत्येक भावंडाला जोडलेले गुणधर्म घे, आणि त्यातले तेवढेच ठेव जे उतरंडीने चढत टीओ:००००२०७ पर्यंत पोचतात. २०१३ च्या स्पार्कल १.१ पासून एकाच प्रश्नात वेगवेगळ्या सर्व्हरवरचे साठे धुंडाळता येतात, म्हणून सगळं एका कोठारात आणायचीही सक्ती राहत नाही. फ्रान्समधल्या माँपेल्ये इथे उभारलेला अ‍ॅग्रोएलडी हा साठा अशाच पद्धतीने भात, मका, ज्वारी, गहू आणि इतर वनस्पतींची जनुकं व गुणधर्म आरडीएफमध्ये एकत्र ठेवतो, आणि तिथलंच अ‍ॅग्रोपोर्टल शेतीविषयक ऑन्टॉलॉजी आणि त्यांच्यातल्या जुळण्या एका जागी दाखवतं.

असा प्रश्न नीट बांधला की मक्याचं बीआर-२ वर येतं आणि बाजरीचं एबीसीबी-१ वर येतं. भात आणि गव्हाचे हरितक्रांतीतले प्रसिद्ध बुटके प्रकार मात्र या वाटेने येत नाहीत, आणि येऊही नयेत. त्यांची उंची जिबरेलिन या दुसऱ्याच संप्रेरकाच्या वाटेवर कमी झालेली आहे: भातात ते तयार होताना, गव्हात त्याचा संदेश पोचताना. गुणधर्म तोच, पत्ता तोच, पण जनुकाचं घराणं वेगळं. गुणधर्माच्या ऑन्टॉलॉजीत कारण मिसळलेलं नाही, जनुकाच्या कामाची नोंद जीन ऑन्टॉलॉजीकडे वेगळी ठेवली आहे, म्हणूनच हा फरक शाबूत राहतो. एखाद्याने ‘ऑक्झिनमुळे कमी झालेली उंची’ अशी संज्ञाच गुणधर्मात घुसवली असती, तर पुढे कारण बदललं की व्याख्या बदलावी लागली असती.

जिथे अजून अडतं

उंचीचं बऱ्यापैकी बसलं. फुलोऱ्याचं तितकं बसत नाही, आणि पैदासकाराच्या दृष्टीने फुलोऱ्याचे दिवस उंचीपेक्षा कमी महत्त्वाचे नाहीत. ज्वारीचं कणीस निसवलं की फुलं वरून उमलायला लागतात आणि उमलणं हळूहळू खाली सरकत जातं; एका कणसाला काही दिवस लागतात. आता ‘५० टक्के फुलोरा’ म्हणजे काय? प्लॉटमधल्या निम्म्या ताटांवर फुलं दिसायला लागली तो दिवस, की कणसातलं उमलणं निम्म्यापर्यंत उतरलं तो दिवस, की निम्म्या ताटांची कणसं निम्म्यापर्यंत उमलली तो दिवस? तिन्ही अर्थ वापरात आहेत. त्यातून दिवस मोजायचे कुठून, पेरणीपासून की उगवणीपासून? रब्बीत जमिनीतल्या ओलीवर पेरलेलं बी उगवायला कमी-जास्त दिवस घेतं, म्हणून हा फरक दर वर्षी सारखा नसतो. ठरावीक आकडा वजा करून तो काढता येत नाही. सेंटिमीटरचे मीटर करायला गुणाकार पुरतो. इथे कोणताही गुणाकार पुरत नाही. जुन्या वहीत पद्धत लिहिलेली नसेल तर कितीही चांगली ऑन्टॉलॉजी ती परत आणू शकत नाही. अशा नोंदी व्यापक संज्ञेलाच टांगून ठेवाव्यात आणि खालच्या नेमक्या संज्ञेला जोडण्याचा मोह टाळावा, असं मला वाटतं. नेमकेपणा नसताना तो दाखवणं हे नोंद गमावण्यापेक्षा वाईट.

खोडमाशीच्या नोंदी आणखी एका जागी अडतात. रोप लहान असताना पोंगेमर (मधला पोंगा वाळून जाणं) किती झाली याची टक्केवारी कोणी लिहितं, कोणी १ ते ९ असे गुण देतं. १ म्हणजे उत्तम प्रतिकार की १ म्हणजे सगळं रोप गेलं, हे मापनश्रेणीच्या वर्णनात लिहिलेलं असेल तरच दोन वह्या एकत्र येतात. क्रॉप ऑन्टॉलॉजीने मापनश्रेणीला गुणधर्मापासून वेगळा पत्ता दिला ते इथे कामी येतं. गुणधर्म जुळला तरी श्रेणी उलटी असेल तर यंत्राला ते दिसतं.

शिवाय हे एकदाच करून विसरायचं काम नाही. ऑन्टॉलॉजीत संज्ञा बाद होतात, दुभंगतात, त्यांची जागा बदलते. चांगली प्रथा अशी की बाद झालेला पत्ता पुन्हा दुसऱ्या अर्थाने वापरायचा नाही आणि त्याच्या जागी कुठे जावं ते लिहून ठेवायचं. जुळण्यांच्या यादीत मात्र पुष्कळदा कोणत्या आवृत्तीतून कोणत्या आवृत्तीत, कोणी आणि कशाच्या आधारावर जुळवलं, याची नोंदच नसते. मग वर्षभराने संज्ञा सरकली की पूल अधांतरी राहतो आणि कोणाला कळतही नाही.

मराठी नावं लावायची झाली तर

आरडीएफमध्ये प्रत्येक पाटीला भाषेची खूण लावता येते. त्यामुळे या पत्त्यांवर मराठी पाट्या लावायला तांत्रिक अडचण काही नाही, आणि त्या लागाव्यात असं मला मनापासून वाटतं. शेतावर नोंदी घेणारे पुष्कळ जण मराठीतच विचार करतात, आणि फुलोरा, निसवणं, पोंगेमर, कडबा, हुरडा या शब्दांत त्यांचा अनुभव आहे.

फक्त लावताना सांभाळावं लागेल. स्कॉसच्या नियमाप्रमाणे एका संकल्पनेला एका भाषेत एकच मुख्य नाव असतं, पर्यायी नावं कितीही चालतात. तेव्हा मुख्य नावात ‘ज्वारीचं कणीस’, ‘मक्याचं कणीस’ असं पिकासकट लिहावं आणि नुसतं ‘कणीस’ दोन्हीकडे पर्यायी म्हणून ठेवावं. गव्हाला ओंबी, भाताला लोंबी हे शब्द भाषेने आधीच वेगळे करून दिले आहेत, ते तसेच मुख्य नावात घ्यावेत. तुऱ्याला मात्र जपावं लागेल. शेतकरी मक्याला तुरा आला म्हणतो आणि उसाला तुरा आला असंही म्हणतो. मक्याच्या तुऱ्यात फक्त नर फुलं असतात. उसाचा तुरा हा नर-मादी दोन्ही अंगं असलेल्या फुलांचा अख्खा फुलोरा. पाटी दोघांची एक राहू दे, पत्ते दोन लिहावे लागतील.